घास गिळेपर्यंत

जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली की मला भीती वाटते. शाळेतली पोरं त्या घंटेकडे सकाळपासून डोळे लावून बसलेली असतात. ताटल्या घेऊन पळतात, रांगेत एकमेकांना ढकलतात. आणि पन्नाशीला टेकलेला त्यांचा शिक्षक, म्हणजे मी, हात धुवायला नळावर जातो तेव्हा माझे हात गार पडलेले असतात. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धवटच माहीत आहे.

आमची शाळा हुपरीच्या कडेला आहे. गावात घरोघरी चांदीची पैंजणं घडतात. ज्यांचा स्वतःचा माल आणि स्वतःचे कारागीर, त्यांची मुलं पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेला जातात. आमच्याकडे येतात ती त्या घरांत मजुरीनं कड्या जोडणाऱ्यांची आणि पॉलिश करणाऱ्यांची मुलं, शिवाय उसाच्या आणि विटांच्या कामाला आलेल्यांची. आमच्या शाळेचं छत गळत नाही, भिंतीवर चित्रंही आहेत. गरिबी दिसते ती माणसांच्या कमतरतेत. मी एकटा दोन इयत्ता सांभाळतो. शिपाई नाही, मदतनीस नाही. ज्या मुलाला आधाराला एक माणूस लागतो, त्याला द्यायला आमच्याकडे माणूसच नसतो.

अशी एक मुलगी तिसरीत माझ्या वर्गात आली. जन्मताना तिचा श्वास कोंडला होता आणि मेंदूला इजा झाली होती. हातपाय ताठ, मान अधूनमधून एका बाजूला कलणारी. बोलणं ओढल्यासारखं, शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत समोरच्याचा धीर सुटावा असं. डोकं मात्र तल्लख. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तिला माझ्याकडे दिलं त्याचं कारण एवढंच की माझ्या वर्गाला पायरी नव्हती.

पहिल्या दिवशी ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि काहीतरी बोलली. मला कळलं नाही. शेजारी बसलेल्या मुलीनं लगेच उलगडून सांगितलं, "सर, ती म्हणतीया, तुमचं केस काळं आन मिशी पांढरी कशी?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि पुढच्या रविवारी मिशीलाही कलप लावला. त्यावर ती काय म्हणाली ते इथं लिहीत नाही.

तिची आई रोज सकाळी तिला कडेवर घेऊन यायची. कुठल्याशा शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची होती, पण ती मोठ्या माणसाच्या मापाची, त्यात पोरगी बाजूला घसरायची. म्हणून मी एक लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती. दुपारच्या सुट्टीत आई पुन्हा यायची, व्हरांड्यात बसून तिला भरवायची आणि परत कड्या जोडायला जायची. तेवढा वेळ मी ऑफिसात डबा खात असे. त्या दोघी बाहेर काय करतात याकडे मी कधी नीट पाहिलं नाही. पाहायला नको वाटायचं, हे खरं कारण. भरवताना पोरीच्या घशातून जो घरघर आवाज यायचा, तो ऐकला की माझा घास तोंडातच फिरायचा.

मग तिची आजी न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. वडील एका व्यापाऱ्याचा माल घेऊन परराज्यात फिरायचे, महिना महिना घरी नसायचे. आई कड्या घरी आणून जोडू लागली, दुपारी तिला घर सोडता येईना. एका सकाळी पोरीला खुर्चीत बसवल्यावर ती दाराशी थांबली.

"सर, दुपारचं तेवढं तुम्ही भरवा की. मावशीलाच सांगितलं असतं, खरं तिच्यामागं सगळ्या शाळंचं वाढप."

मावशी म्हणजे आमच्या स्वयंपाकीण. मी हो म्हणालो. नाही म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. आणि लगेच मोठ्या बाईंकडे गेलो, त्या तरी नाही म्हणतील या आशेनं. त्यांनी माझी निराशा केली नाही. म्हणाल्या, उद्या काही कमी-जास्त झालं तर कोण उत्तर देणार? अशा मुलांना घरी शिकवायची सोय असते, आठवड्यातून एकदा शिक्षिका घरी जाते, तसं करू. त्या दुष्ट नाहीत. त्यांनाही भीतीच वाटत होती. मला ते ऐकून इतकं हलकं वाटलं की मी त्यांना चहा पाजला.

पण घरी शिकवायचं तर ते काम ज्या विशेष शिक्षिकेकडं असतं, तिला विचारणं भाग होतं. तालुक्यातल्या शाळा स्कूटीवरून फिरणारी तिशीतली बाई. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला भरवायला भीती वाटते का शिकवायला?" भरवायला, मी म्हणालो. "मग शाळा का बंद करायची? भरवायला शिकू."

तिनं मला स्टुलावर बसवलं. माझ्या हातात बिस्किट दिलं आणि मान मागं टाकून, छताकडं बघत गिळायला सांगितलं. मी प्रयत्न केला आणि मला जोराचा ठसका लागला. मग हनुवटी छातीकडं घेऊन गिळायला सांगितलं. सहज गेलं. "तुमचा घसा धड आहे तरी ही गत," ती म्हणाली. "तिची गिळायची आणि श्वासाची वाट वेळेवर मिटत-उघडत नाही. मान वर गेली की घास छातीत उतरतो."

मग तिनं एकेक दाखवलं. पाठ ताठ, पायाखाली आधार, हनुवटी खाली. घास लहान आणि घट्टसर, पातळ काही नको, पाणीसुद्धा चमच्यानं. घास गिळला याची खात्री झाल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. आणि शेवटी ती जे म्हणाली, त्यानं माझी झोप उडाली.

"खोकते तोवर घाबरू नका. थोडं पुढं झुकवा आणि खोकू दे. खोकला थांबला आणि आवाजच येईना, तेव्हा घाबरा."

त्या दिवसापासून मी शांततेला भिऊ लागलो.

मी तिची खुर्ची व्हरांड्यात आणून तिला भरवायला लागलो. तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसायचो, म्हणजे माझ्याकडं बघताना तिची हनुवटी आपोआप खाली यायची. मावशी खिचडी वेगळी काढून घोटून द्यायच्या. सुरुवातीचे दिवस आठवले की अजून तळहाताला घाम येतो. घास तोंडात गेला की मी तिच्या गळ्याकडं बघत बसायचो. तो हलेपर्यंत माझा स्वतःचा श्वास अडकलेला असायचा. घरी जेवायला बसलो तरी नजर बायकोच्या, म्हाताऱ्या वडिलांच्या गळ्याकडं जायची. बायको वैतागून म्हणाली, असं काय बघता, घास मोजताय काय आमचे?

पोरीला माझं भिणं कळत होतं. एकदा घास गिळून झाल्यावर म्हणाली, "सर, चमचा हलतोय."

मी म्हटलं, वारा आहे.

"वारा न्हाय. तुमीच हलताय. आई न्हाय भीत."

तिच्या शेजारणीनं नेहमीप्रमाणे भाषांतर केलं, जरी आता मला तिचं सगळं कळत होतं, आणि ओळीनं बसलेल्या पोरांनी ते मनापासून ऐकलं.

एक गोष्ट लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. ज्या सकाळी ती यायची नाही, सर्दी म्हणून, ताप म्हणून, त्या सकाळी हजेरी घेताना मला सुटल्यासारखं वाटायचं. मी तिचं नाव घ्यायचो, पोरं ओरडायची "आली न्हाय सर", आणि माझे खांदे खाली यायचे. एका लेकराला बरं नाही हे ऐकून ज्याला बरं वाटतं, तो कसला शिक्षक, हे मला तेव्हाही कळत होतं.

तरी दिवस जात होते आणि काही वाईट घडत नव्हतं. ती बेरजा शिकली. माझ्यापेक्षा आधी उत्तर सांगायची आणि मग शेजारणीनं ते सांगेपर्यंत चिडून थांबायची. माझी भीती गेली नव्हती, पण त्या भीतीला रोजच्या कामाची सवय झाली होती. मला वाटू लागलं होतं की मला जमतं.

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी शेजारच्या वर्गाच्या बाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या आणि त्यांची मुलंही माझ्याकडं होती. व्हरांडाभर पोरं जेवायला बसलेली. कालवा एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. मी तिच्यासमोर स्टुलावर. चौथीतला एक मुलगा ताटली घेऊन मिरवत येत होता, सांडलेल्या आमटीवरून घसरला आणि बसला तो थेट दुसऱ्याच्या ताटलीत. सगळे हसले. तीही हसली. तिच्या तोंडात घास होता.

तिला ठसका लागला. खोकू लागली, चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. आवाज होता. म्हणजे घाबरायचं कारण नव्हतं. तिला थोडं पुढं झुकवून थांबायचं होतं. हे मला पाठ होतं, माझ्या स्वतःच्या घशानं मी ते शिकलो होतो.

आणि माझा उजवा हात उठला, तिच्या टाळूवर गेला आणि थोपटू लागला. डाव्या हातानं मी तिची हनुवटी वर उचलली. माझ्या तोंडून निघालं, "वर बघ, वर बघ बाळा."

आजूबाजूची पोरंही लगेच ओरडली, "वर बघ! वर बघ!" कुणी छताकडं बोट दाखवलं, कुणी चिमणी म्हणालं. सगळ्यांनी मायेनंच केलं. लहानपणी मला ठसका लागला की आई हेच करायची. वर बघ, कुणीतरी आठवण काढतंय, म्हणायची, आणि टाळूवर थापट्या मारायची. आमच्या घरात, शेजारात, प्रत्येक पंगतीत मी हेच पाहिलं होतं. ठसका लागलेल्या लेकराला आपल्याकडं कुणी दुसरं काही करतच नाही. विशेष शिक्षिकेनं शिकवलं ते माझ्या डोक्यात होतं. हे माझ्या हातांत होतं, आणि हात डोक्यापेक्षा लवकर पोचले.

तिचा खोकला थांबला.

क्षणभर मला वाटलं, बरं वाटलं तिला. पोरांनाही तसंच वाटलं असावं, ती परत आपापल्या ताटलीकडं वळली. मग मी तिचं तोंड पाहिलं. ते उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. डोळे माझ्यावर रोखलेले. ओठांचा रंग बदलत होता.

पुढचं मला सलग आठवत नाही. मी तिला खुर्चीतून ओढून मांडीवर पालथं घेतलं आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहातानं मारत सुटलो. मावशी धावत आल्या एवढं आठवतं. व्हरांड्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, सगळ्या पोरांचे हात थांबले होते. मग काहीतरी जमिनीवर पडलं आणि तिनं श्वास आत ओढला, फाटक्या भात्यासारखा. ती रडायला लागली. तिच्या रडण्याइतका चांगला आवाज मी ऐकलेला नाही.

एका पालकाच्या रिक्षातून आम्ही तिला आधी गावातल्या दवाखान्यात आणि तिथून कोल्हापूरला मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. रिक्षाभर मावशी तिला मांडीवर ताठ धरून बसल्या होत्या. मी पुढं रिक्षावाल्याच्या शेजारी, मान वळवून तिची छाती हलते का बघत. घशातलं निघालं होतं, पण काही कण छातीत उतरले होते. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया होईल, ठेवून घ्यावं लागेल. तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. तिनं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. कदाचित उजेड डोळ्यावर येत असेल.

तिची आई संध्याकाळ व्हायच्या आत आली. हातातलं काम टाकून तशीच आली होती, बोटांची टोकं काळी. तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला, डॉक्टरांशी बोलली आणि मग बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसली. मी काही न विचारता सांगायला लागलो. सगळं सांगितलं. मला काय शिकवलं होतं, मी काय करायला हवं होतं आणि मी काय केलं. मान वर केल्यामुळं घास छातीत गेला, माझ्यामुळं गेला, असं अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं. ती ओरडेल, चारचौघांत माझी गचांडी धरेल, याची मी तयारी केली होती. खरं तर वाट पाहत होतो.

ती ओरडली नाही. 

"मी बी तसंच करतो की," ती म्हणाली. "ठसका लागला की मान उचलतो. सासूबाई टाळूवर मारत्यात. तान्ही होती तवापासनं."

मग ती माझ्याकडं वळली.

"सर, दर थंडीत हिची छाती भरती. दवाखाना ठरल्यालाच. ते ह्यानं व्हय?"

मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. मी डॉक्टर नव्हतो. पण सत्य बोलायच्या भरात होतो. "असेल," मी म्हणालो.

तिनं काळी बोटं पदरात गुंडाळली आणि पुढं वाकून बसली. रडली नाही. तिच्याकडं बघताना मला कळलं की मी काय करून बसलोय. माझ्या छातीवरचा दगड उतरला होता, तो मी तिच्या छातीवर ठेवला होता. मी तिला सांगितलं ते तिच्या भल्यासाठी सांगितलं नव्हतं. माझ्याच्यानं ते बाळगवत नव्हतं म्हणून सांगितलं. ते तिला कळायला हवंच होतं, पण शांतपणे, कुणीतरी हात धरून, पुढं काय करायचं त्यासकट. मी ते त्या बाकावर नुसतं ओतलं.

पोरगी बरी झाली, घरी गेली. शाळेत आली नाही. मोठ्या बाईंनी घरी शिकवण्याची व्यवस्था पुढं रेटली आणि मी त्यांना अडवलं नाही. सुट्टीत मी परत ऑफिसात डबा खायला लागलो. व्हरांड्यातली लाकडी खुर्ची कुणीतरी वर्गात आणून कोपऱ्यात ठेवली, तिच्यावर पोरं दप्तरं टाकू लागली. तिची शेजारीण मला रोज विचारायची, ती कधी येणार. मी म्हणायचो, बघू.

एक दिवस विशेष शिक्षिका माझ्याकडं आली. या वेळी तिच्या बोलण्यात नेहमीचा उत्साह नव्हता. ती मुलीच्या घरी जाऊन आली होती. "पोरगी वाळत चाललीय, सर. आई भरवायला भिते. चमचा तोंडाशी नेते आणि थांबते. पोरगीही तोंड मिटते. अर्धी वाटीसुद्धा पोटात जात नाही. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल."

जिला भीती माहीत नव्हती ती एकमेव व्यक्ती म्हणजे तिची आई, आणि तिला मी भ्यायला शिकवलं होतं.

मी त्याच दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेलो. एक खोली. दाराशी उजेडाला कड्या जोडायची बैठक, मागं आजीची कॉट, भिंतीला दोन उशांच्या आधारानं बसवलेली पोरगी. तिचे गाल आत गेले होते. मनगट पाहिलं आणि मी नजर दुसरीकडं वळवली. आईनं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी आल्याचं तिला बरं वाटलं की नाही ते कळेना.

ती जेवणाचीच वेळ होती. भात मऊ घोटलेला. आई सगळं बरोबर करत होती, मला शिकवलं होतं तसं, विशेष शिक्षिकेनं तिलाही शिकवलं होतं. पाठ ताठ, हनुवटी खाली. चमचा भरला, वर नेला आणि ओठांपासून वीतभर लांब तो थांबला. थरथरत होता. पोरीनं एकदा चमच्याकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि ओठ मिटून घेतले.

कॉटवरून आजी म्हणाली, "गार झालं ते. आमी काय पोरं वाढवली न्हाईत? लेकराच्या तोंडापुढं चमचा धरून आरती करायला लागलीस व्हय गं?"

आईनं चमचा परत वाटीत ठेवला आणि ती माझ्याकडं वळली.

"तुम्हीच सांगा सर. शाळंत आणू का नको? तुम्ही नको म्हणलासा तर न्हाय आणत. बोल लावणार न्हाय तुम्हाला."

तिनं माझी सुटका माझ्या पुढ्यात ठेवली होती. मी नको म्हटलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती. मोठ्या बाईंनी, आजीनं, माझ्या बायकोनंही. तो शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो कसा सजवायचा याचाच विचार करत होतो, म्हणजे तिच्या तब्येतीसाठी, तिच्या भल्यासाठी असं काहीतरी.

"शाळंत खातो," पोरगी म्हणाली.

मी विचारलं, का गं? इथं आई आहे, आजी आहे.

तिला उत्तर द्यायला वेळ लागला. शब्द एकेक करून आले.

"तिथं समदी खात्यात. हितं समदी बघत्यात."



"आणा तिला," मी आईला म्हणालो. आवाज माझाच असला तरी कुठून आला माहीत नाही. "पण मला भीती वाटते. फार वाटते. हे तुम्हाला माहीत असू दे."

"वाटू दे की," आई म्हणाली. "ज्याला भ्या वाटत न्हाय त्याच्या हातात चमचा द्यायचा न्हाय आता."

मोठ्या बाईंना पटवायला वेळ लागला. त्या म्हणाल्या, सर, तुम्हाला परत तेच हवंय का? मी म्हटलं, नकोय, म्हणूनच नीट करू. विशेष शिक्षिकेनं एक सकाळ सगळ्या शाळेला दिली. मोठ्या बाईंसकट प्रत्येकाला मान मागं टाकून बिस्किट गिळायला लावलं. पोरांना हा खेळ फार आवडला, दोघांनी मुद्दाम ठसके काढले. पण कुणाला ठसका लागला की ‘वर बघ’ म्हणून ओरडायचं नाही, डोक्याला हात लावायचा नाही, एवढं त्यांना समजलं. आजीसाठी शेजारीपाजारी कुणी बघायचं याची तजवीज आईनं पहिल्या काही दिवसांपुरती केली.

ती परत आली त्या दिवशी मी सकाळपासून फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही. घंटा झाली. मी हात धुतले. आई तिच्या मागं उभी राहिली, मानेला तळहाताचा आधार देऊन, आणि मी समोर स्टुलावर बसलो. भीती आमच्या दोघांच्या मध्ये होती आणि पोरगी त्या भीतीच्या मध्ये बसून माझ्या मिशीकडं बघत होती. मी चमचा भरला. तो हलत होता. मी तो तसाच हलता पुढं नेला. तिनं तोंड उघडलं.

घास आत गेला. मी थांबलो. गळा हलला. आईच्या हाताला ते आधी कळलं असावं, कारण तिनं मान डोलावल्याचं मला दिसलं. मग पुढचा चमचा.

पूर्वी मी भरवायचो तेव्हा माझं अर्धं लक्ष वेळेकडं असायचं. सुट्टी संपायच्या आत वाटी संपली पाहिजे, पुढं गणिताचा तास आहे, म्हणून शेवटचे घास मी थोडे मोठे आणि थोडे लवकर देत असे. त्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं आणि मला आणखी भीती वाटली. ते घासही कधीही वाकडे जाऊ शकले असते.

पोरांची जेवणं झाली. ताटल्या धुतल्या गेल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली, सगळी धडपडत वर्गात येऊन बसली. आम्ही तिची खुर्ची उचलून आत घेतली. वाटी निम्मीही झाली नव्हती. पोरांनी गणिताच्या वह्या काढायला सुरुवात केली.

"वह्या राहू देत," मी म्हणालो. "अजून जेवण चाललंय."

पहिल्या बाकावरचा एकजण म्हणाला, "आमचं कवाच झालंय की सर."

"हिचं व्हायचंय," तिची शेजारीण त्याच्यावर डाफरली. "गप बस."

तो गप बसला. बाकीचेही बसले. मी पुढचा चमचा भरला.